आधी बँक, मग बायबल

मुक्ता : बाई, मार्गारेट ॲटवुडची ‘द हँडमेड्स टेल’ वाचून झाली. पण ही नायिका काही करतच नाही हो! आणि कादंबरी सरळसरळ धर्माच्या विरोधात आहे ना?

बाई : दुसरं आधी घेऊ. धर्माच्या विरोधात असती, तर कादंबरीतल्या गिलिअड या धर्मसत्तेच्या फौजा बॅप्टिस्ट ख्रिस्त्यांशी लढल्या नसत्या, भिंतीवर पाद्र्यांची प्रेतं लटकली नसती, पळणाऱ्या बायकांना क्वेकर पंथीयांनी लपवलं नसतं. ही सत्ता येते कशी ते बघ. राष्ट्राध्यक्षाला गोळ्या घालतात, राज्यघटना स्थगित होते. पुढे एका सकाळी नायिका सिगारेट घ्यायला दुकानात जाते आणि तिचं कार्ड चालत नाही. त्याच दिवशी ग्रंथालयातली नोकरी जाते. मग मोइरा, तिची मैत्रीण, सांगते : सगळ्या बायकांची खाती गोठवलीत, पैसा आता नवऱ्याच्या नाहीतर जवळच्या पुरुषाच्या ताब्यात. नवरा समजूत घालतो, नोकरीच तर गेली! त्याला याचं फारसं वाईट वाटत नसावं, ही शंका तिला तिथेच येते. मुलं जन्माला घालायला ठेवलेल्या दासींचा लाल झगा आणि पांढरी टोपी हे नंतरचं. 2017 साली मालिका आल्यापासून जो तो झग्यावर बोलतो, कार्डावर कोणी बोलेल तर शपथ! पैसा गेला, मग अक्षर गेलं. बायबल तिच्या मालकाच्या, कमांडरच्या घरी कुलपात. काढायचं त्यानं, वाचायचं त्यानं. प्रशिक्षण केंद्रात जेवताना ख्रिस्ताची वचनं ऐकवतात, त्यात गप्प राहणाऱ्यांना धन्य म्हणणारं एक वचन घुसडलेलं असतं. तिला ते कळतं, पण पडताळणार कुठे? बायका कमावत्या आणि वाचत्या राहिल्या असत्या, तर हा धर्म आठवडाभरही टिकला नसता.

मुक्ता : तरी जरा अति वाटतं.

बाई : 1984 साली पश्चिम बर्लिनमध्ये लिहायला बसताना ॲटवुडनं स्वतःला अट घातली होती : इतिहासात कुठेच घडलं नाही ते घालायचं नाही. रुमानियात चाउशेस्कूनं 1966 साली गर्भपातावर बंदी आणली, लोकसंख्या वाढवायची म्हणून. अर्जेंटिनाच्या लष्करशाहीनं बेपत्ता केलेल्यांची बाळं सत्तेच्या मर्जीतल्या घरांत वाढवली. या दोन्हींना बायबल लागलं नाही.

मुक्ता : बरं, मान्य. पण ती काही का करत नाही? मोइरा निदान पळते तरी.

बाई : आणि पकडली जाऊन अधिकाऱ्यांच्या कुंटणखान्यात पोचते. शेवटचं प्रकरण वाचलंस का? परिशिष्ट समजून लोक ते सोडतात, माझा जीव जळतो. साल 2195, गिलिअड केव्हाच बुडालंय, इतिहासकारांची परिषद भरलीय. नायिकेनं कॅसेटवर बोलून ठेवलेलं प्राध्यापक पिएक्सोटोच्या हाती आलंय. तो बायकांवर विनोद करतो, गिलिअडला नावं ठेवताना जपा म्हणतो, आणि बहुतेक वेळ तो कमांडर नेमका कोण हे शोधण्यात घालवतो. तिच्याबद्दल तक्रार काय, तर तिनं कमांडरच्या संगणकातली वीसेक पानं छापून आणली असती तर बरं झालं असतं! तू त्याच्याच रांगेत उभी आहेस. लिहायची बंदी असलेल्या बाईनं इतकं बोलून ठेवलं, हे दोघांनाही कमीच पडतं.

मुक्ता : पण तिच्या सोबतच्या दासीनं, ऑफग्लेननं, सांगितलं होतं, कमांडरची खोली धुंडाळ म्हणून. तेवढं तरी?

बाई : धुंडाळायला हवी होती. प्रियकराच्या, निकच्या नादात ती ते टाळते, आणि टाळलं हे स्वतःच सांगते. रंगवून सांगायची सोय होती की तिला.

मुक्ता : तरी मला ती आवडत नाही.

बाई : आवडायला कोण सांगतंय?