महिन्याला दोन टक्के ‘पक्के’?

प्रश्न : कापूस विकून दोन लाख हाती आले. ओळखीचा एजंट म्हणतो, म्युच्युअल फंडात महिन्याला दोन टक्के पक्के. जूनमध्ये बियाणं-खताला निम्मे पैसे लागतील. टाकू का?
– एक शेतकरी वाचक, गिरड (ता. समुद्रपूर)

उत्तर : ‘पक्के’ म्हणाला तिथंच थांबा. बाजाराशी बांधलेल्या फंडात ठरावीक परताव्याची हमी देण्याची मुभा शेअर बाजाराची नियामक सेबी एजंटला देत नाही. त्याच्याकडून एआरएन, म्हणजे एजंटचा नोंदणी नंबर मागा आणि तो ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर तपासा. नंबर खरा निघाला तरी पैसे त्याच्या फोन-पेवर टाकू नका. चेक फंडाच्याच नावाचा हवा.

जूनचे लाखभर बँकेतच ठेवा, फार तर मुदत ठेवीत. बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना विमा आहे. पतसंस्थेला तो नाही. अर्धा टक्का जादा मिळतो म्हणून आपल्याकडे लोक हे विसरतात.

उरलेले पाच-सात वर्षं लागणार नसतील, तरच इंडेक्स (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या) फंडाचा विचार करा, तोही हप्त्याहप्त्यानं. ‘डायरेक्ट’ प्लॅन घेतला तर एजंटचं कमिशन वाचतं. मधे भाव पडतील, हे धरून चाला. आणि एजंटनं हमी कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर दिली असेल, तर ती पुसू नका. तक्रारीला पुरावा म्हणून लागेल.