बालमृत्यू आणि गृहस्थाचे कर्तव्य

घरातील तान्हे मूल गेले म्हणजे वडीलधारी माणसे पुष्कळदा म्हणतात, ‘याला दहन नाही, पिंड नाही, मग शोक तरी किती करावयाचा?’ विधी थोडा, त्या अर्थी दुःखही थोडे, अशी समजूत यामागे असते. ती शास्त्र पाहून झालेली नाही.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात दोन वर्षांच्या आतील बालकास अग्निसंस्कार, अस्थिसंचयन व उदकदान यांचा निषेध आहे. बांधवांनी त्यास अलंकृत करून गावाबाहेर शुद्ध भूमीत ठेवावे, असे तेथे म्हटले आहे. ‘अलंकृत करून’ या शब्दांपाशी वाचकाने क्षणभर थांबावे. ज्याला पाण्याची ओंजळही द्यावयाची नाही, त्याला सजवावयाचे मात्र आहे. असे असता कित्येक घरांत मातेला न दाखविताच बालक हलविले जाते. रुग्णालयातून तर ते कापडात गुंडाळून परस्पर नेतात आणि बाळंतीण खाटेवर विचारीत राहते. ही रीत शास्त्राची नव्हे, घाबरलेल्या पुरुषांची होय. तिला ते मांडीवर घेऊ द्यावे, अंगडे घालू द्यावे; नाव ठेवलेले असेल तर त्या नावाने एकदा हाक मारू द्यावी.

पारस्कर गृह्यसूत्रात अशा प्रसंगी आशौच मातापित्यांनाच सांगितले आहे, एक रात्र किंवा तीन रात्री. इतरांना ते नाही. (वय, दात, चौल यांवरून पुढे झालेले सूक्ष्म भेद आपल्या पुरोहितास विचारावेत.) इतरांना आशौच नाही, यावरून ‘आपला संबंध संपला’ असे काही आप्त मानतात. वस्तुतः त्यामुळे चुलत्या-मावश्यांचे हात मोकळे राहतात. त्या घरची चूल त्यांनी सांभाळावी. महाराष्ट्रात शोकाच्या घरी शेजारी कडू घास नेतात. मूल लहान होते म्हणून तो चुकवू नये.

याज्ञवल्क्यस्मृतीत प्रौढाच्या मृत्यूनंतरचा क्रम आहे. स्नान व उदकदान करून आलेल्यांना कोवळ्या हिरवळीवर बसवावे, जुने इतिहास सांगून त्यांचे सांत्वन करावे. नंतर मुलांना पुढे घालून सर्वांनी घरी परतावे आणि दाराशी कडुनिंबाची पाने चावावी. बालकाच्या वेळी यांतील उदकदान गळते. जवळ बसणे गळत नाही. घरात दुसरी भावंडे असतील तर त्यांना शेजारी पाठवून न देता बरोबर घ्यावे.

सांत्वन करणाराने मात्र स्वतःस तपासावे. शांतिपर्वात गिधाड आणि कोल्हा यांचा संवाद आहे. एकुलत्या एका मृत बालकाला घेऊन आप्त स्मशानात रडत असतात. गिधाड म्हणते, काळापुढे कोणाचे चालत नाही, घरी जा. कोल्हा म्हणतो, एवढे निष्ठुर होऊ नका, थांबा. दोघांचेही बोलणे धर्माला धरून वाटते. परंतु गिधाडाला सूर्यास्तापूर्वी ते प्रेत हवे असते आणि कोल्ह्याला सूर्यास्तानंतर. बिचारे आप्त मागे-पुढे होत राहतात. शेवटी शंकराच्या कृपेने बालक जिवंत होते, हा भाग कथेचा. मधला भाग आपल्या घराघरांतला. रडणे ऐकवत नाही म्हणून जो ‘आत्मा अमर आहे’ असे म्हणतो, त्याला स्वतःचीच सुटका हवी असते.

आत्मा अमर आहे, हे भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात सांगितले, ते अर्जुनाने शिष्य होऊन विचारल्यावर. पुढे युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला आणि श्रीकृष्ण बहिणीकडे गेले. त्यांनी सुभद्रेला वीरगतीच्या गोष्टी सांगितल्या. तरीही ती विलाप करीत राहिली. द्रोणपर्वात तो विलाप पुष्कळ लांब आहे, आणि श्रीकृष्णांनी तो तोडलेला नाही. द्रौपदी उत्तरेला घेऊन आली तेव्हा शोक अनावर होऊन त्या भूमीवर कोसळल्या. स्वतः अत्यंत दुःखी असलेल्या श्रीकृष्णांनी तेव्हा पाणी शिंपडून बहिणीला सावध केले, आणि मग पुन्हा बोलावयास आरंभ केला.