बँगोरची प्रार्थनापोथी

इटलीतील मिलान शहरी अँब्रोझियन नावाचे एक जुने ग्रंथालय आहे. कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओ ह्याने इ. स. १६०९ मध्ये ते विद्वानांसाठी खुले केले. तेथील अमोल हस्तलिखितांमध्ये चर्मपत्रावर लिहिलेली एक छत्तीस पानांची लॅटिन पोथी आहे. ती उंचीला जेमतेम वीतभर असून तिच्यात मोठी चित्रे नाहीत की सोन्याची वेलबुट्टी नाही. लेखनही एका हातचे नाही. तरीही युरोपच्या धार्मिक इतिहासाचे अभ्यासक ह्या पोथीला फार मान देतात. तो का, हे ह्या लेखात पाहावयाचे आहे.

ही पोथी मूळची इटलीतील नव्हे. आयर्लंड बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, बेलफास्टच्या खाडीकाठी, बँगोर नावाचे गाव आहे. तेथे इ. स. ५५८ च्या सुमारास कॉमगाल नावाच्या साधुपुरुषाने एक ख्रिस्ती मठ स्थापन केला. कडक शिस्त, विद्याभ्यास आणि अखंड उपासना ह्यांसाठी तो मठ अल्पावधीत नावारूपाला आला. ह्याच मठातील कोलंबानुस नावाचा संन्यासी सहाव्या शतकाच्या अखेरीस समुद्र ओलांडून युरोपात गेला. त्याने ठिकठिकाणी मठ उभारले आणि शेवटी उत्तर इटलीत बोब्बियो येथे मठ स्थापून इ. स. ६१५ मध्ये तेथेच देह ठेवला. बँगोर आणि बोब्बियो ह्यांचे नाते असे गुरुगृहाचे व शिष्यगृहाचे होते. आपली पोथी बँगोरच्या मठासाठी लिहिली गेली, पुढे बोब्बियोच्या ग्रंथसंग्रहात आली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी तेथील इतर हस्तलिखितांबरोबर मिलानला पोहोचली.

आता पोथीचे अंतरंग पाहू. मठातील दिवस प्रार्थनेच्या वेळांनी बांधलेला असे. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा समान भाग करून त्यांना तास म्हणत. आपल्या पंचांगातील दिनमान जसे ऋतूप्रमाणे कमीजास्त होते, तसा त्यांचा तासही उन्हाळ्यात लांब व हिवाळ्यात आखूड होई. दुसरा, तिसरा, सहावा व नववा तास, सायंकाळ, रात्रीचा आरंभ, मध्यरात्र आणि पहाट अशा आठ वेळांच्या प्रार्थना ह्या पोथीत आहेत. उपासनेचा मुख्य भाग म्हणजे बायबलातील दीडशे स्तोत्रे. कोलंबानुसाने आपल्या मठांसाठी केलेल्या नियमांत हिवाळ्यातील दीर्घ रात्री शनिवारी पंचाहत्तर व रविवारी पंचाहत्तर स्तोत्रे सांगितली आहेत. म्हणजे दोन रात्रींत संपूर्ण पारायण होई! ही स्तोत्रे मात्र आपल्या पोथीत नाहीत. ती मठवासीयांना मुखोद्गत असत. पोथीत आहे ते स्तोत्रांच्या मागेपुढे म्हणावयाचे साहित्य.

त्यात प्रथम सहा गद्यगीते येतात. मोशेच्या गीताने पोथीचा आरंभ होतो. रविवारी म्हणावयाचे 'ते देउम' हे विख्यात स्तवनही ह्यांतच असून त्याच्या जुन्यात जुन्या लेखी पाठांपैकी हा एक आहे. त्यानंतर बारा छंदोबद्ध गीते आहेत. त्यांपैकी एक मध्यरात्रीच्या उपासनेचे, एक मेणबत्तीला आशीर्वाद देतानाचे, एक हुतात्म्यांच्या स्मरणाचे, तर एक आयर्लंडचा धर्मोपदेशक संत पॅट्रिक ह्याच्या स्तुतीचे आहे. प्रभुभोजनाच्या प्रसंगी धर्मगुरू जे गीत म्हणत, तेही येथे आहे. ह्या गीताचा दुसरा प्राचीन पाठ कोठेही मिळालेला नाही. ही छत्तीस पाने नष्ट झाली असती, तर त्यांबरोबर ते गीतही कायमचे लोपले असते. एकोणिसाव्या शतकात त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि आज ते अनेक देशांतील चर्चमध्ये गाइले जाते.

ह्यांशिवाय निरनिराळ्या वेळांच्या एकोणसत्तर लहान प्रार्थना, काही विशेष प्रसंगांच्या प्रार्थना, सत्तर पालुपदे, ख्रिस्ती श्रद्धेचा अंगीकार आणि प्रभूची प्रार्थना असा संग्रह आहे. गीतांवर स्वरांच्या खुणा नाहीत. चाल गुरुमुखातूनच शिकावयाची. ह्या पोथीला 'बँगोरचे पालुपदसंग्रह' अशा अर्थाचे लॅटिन नाव पडले आहे. लुदोविको मुरातोरी ह्या इटालियन विद्वानाने इ. स. १७१३ मध्ये ती प्रथम छापली, तेव्हापासून ते नाव रूढ झाले. परंतु ते यथार्थ नव्हे, हे वरील यादीवरून दिसून येईल. उपासना चालविणाऱ्याने हाताशी ठेवावयाची ही पोथी होय.

ह्या संग्रहात बंधुजनांची एक सामुदायिक प्रार्थना आहे. ती कोणासाठी केली जाते, हे पाहिले म्हणजे त्या एकांतवासी लोकांच्या मनाची कल्पना येते. आपल्या पापांच्या क्षमेनंतर धर्मगुरू, मठाधिपती व बंधुजन ह्यांच्यासाठी याचना येते. मग लोकांत व राजांत शांतता नांदावी म्हणून, वाटेवर असलेल्या प्रवाशांसाठी, दानधर्म करणाऱ्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. इतकेच नव्हे, तर देवाची निंदा करणाऱ्यांसाठीही! जग सोडून समुद्रकाठी राहिलेले हे लोक रोज जगाची आठवण काढीत होते.

ही पोथी केव्हा लिहिली गेली? आपल्याकडील पोथ्यांच्या अखेरीस पुष्पिका असते. तीत लेखकाचे नाव व शक दिलेला आढळतो. ह्या पोथीत तसा शक नाही. परंतु शेवटी मठाधिपतींच्या स्मरणाचे एक गीत आहे. त्याचे चरण वर्णमालेच्या क्रमाने रचलेले असून कॉमगालपासून पंधरा मठाधिपतींची नावे त्यांत गुंफली आहेत. पहिले चौदा जण देवाघरी गेलेले आहेत. पंधरावा क्रोनान, त्याच्या वाट्याला वर्णमालेचे शेवटचे अक्षर आले असून तेथे कवीने 'जीवन' ह्या अर्थाचा ग्रीक शब्द योजला आहे. देवाने क्रोनानचे रक्षण करावे, अशी तेथे याचना आहे. रक्षणाची याचना हयात माणसासाठी करतात, हे उघड आहे. आयर्लंडच्या बखरींवरून क्रोनान इ. स. ६८० मध्ये गादीवर आला व ६९१ मध्ये वारला, हे कळते. म्हणून पोथीचा काळ ह्या अकरा वर्षांत पडतो! आपल्या वडीलधाऱ्यासाठी शिष्यांनी केलेली प्रार्थनाच संशोधकांच्या हाती पुराव्यादाखल आली.

ह्याच पोथीतील दुसऱ्या एका गीतात बँगोरच्या मठाला लाटांतही न डगमगणाऱ्या नौकेची व खडकावर बांधलेल्या घराची उपमा दिलेली आहे. इतिहासाने मात्र निराळेच घडविले. इ. स. ८२४ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लुटारूंनी बँगोरवर हल्ला केला, प्रार्थनामंदिर उद्ध्वस्त केले आणि कॉमगालच्या अस्थी त्यांच्या पेटीतून उधळून टाकल्या. ज्या विद्यापीठाची कीर्ती युरोपभर पसरली होती, त्याच्या ग्रंथांपैकी ही एक पोथी तेवढी उरली. आणि ती उरली, ती परमुलखात गेली म्हणून. खडकावरचे घर पडले. वीतभर पोथी तरली.

मित्रहो, थोर ग्रंथ भव्यच असतो असे नाही. रोजच्या वापरासाठी, अनेक हातांनी, घाईने का होईना उतरून घेतलेली पाने तेराशे वर्षांनंतर एका अख्ख्या समाजाची साक्ष देतात. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर वा देवघरात एखादे जुने बाड असेल. त्यात आरत्या असतील, अभंग असतील, शेवटच्या पानावर कोणाचे तरी नाव असेल. ते रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा शेवटचे पान उघडून वाचा.