स्वच्छ दिसणारे पाणी : वर्गातील मत्स्यपेटीवरून एक पाठ
(इयत्ता पाचवी ते सातवी)

चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील पुष्कळ मुलांचे बालपण मामा तलावाच्या पाळीवर जाते. मासा त्यांस नवा नाही. परंतु वर्गात काचेच्या पेटीत मासे ठेवले की आठ-दहा दिवसांत ते मरू लागतात, आणि पाणी तर स्वच्छ दिसत असते. अशा वेळी बहुधा सर्व पाणी ओतून पेटी घासून काढतात व नवे मासे आणतात. तेही मरतात. मासे मुळातच नाजूक, असा चुकीचा निष्कर्ष मुले काढतात. खरे कारण मुलांनी स्वतः शोधावे, हा ह्या पाठाचा उद्देश होय.

विवेचन. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. तो विषारी असला तरी डोळ्यांस दिसत नाही. तलावात पाणी विपुल असते व तळाच्या गाळावर जीवाणूंची वस्ती असते. त्यांपैकी काही अमोनियाचे नायट्राइट करतात, तर काही नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, त्यामुळे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. नायट्रेट मात्र अल्प प्रमाणात निरुपद्रवी असून पाणवनस्पतींचे ते पोषण होय. हे कार्य जीवाणूंचे आहे, हे सर्गेई विनोग्राडस्की ह्या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास सिद्ध केले. शेतकऱ्याच्या मुलास हे सहज पटेल : ताजे शेण मुळाशी घातल्यास रोप करपते, तेच कुजून खत झाले म्हणजे रोप पोसते.

नव्या पेटीत ही वस्ती नसते. ती स्थिरावण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पेटी घासून सर्व पाणी बदलणे म्हणजे वसू लागलेले गाव पुन्हा उठविणे होय.

पाण्याची परीक्षा. एका बाटलीत हापशीचे व दुसरीत तलावाचे पाणी सारखेच घ्यावे. दोहोंत साबणाचे सारखेच थेंब टाकून हलवावे. ज्यात फेस कमी ते दुष्फेन. राजुरा-कोरपना भागात चुनखडीचे थर आहेत. अशा थरांतून आलेले पाणी बहुधा दुष्फेन असते. गप्पी माशांस ते मानवते. नंतर सामू-पट्टीने सामू पाहावा. सात हा उदासीन अंक. त्याखाली आम्लता, त्यावर अल्कता. सामू सातावरून आठावर गेला की अमोनियाच्या विषारी रूपाचा वाटा सुमारे दहापट होतो. उन्हाळ्यात हा धोका वाढतो, शिवाय तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. म्हणून पेटी उन्हात ठेवू नये.

कृती.
१. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असल्यास ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे. हापशीचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून त्यात हवा मिसळावी.
२. तळाशी धुतलेली वाळू घालून पाणवनस्पती लावावी. जुन्या पेटीतील मूठभर वाळू मिळाल्यास घालावी.
३. मासे न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे जीवाणूंस आहार मिळेल.
४. सुमारे सहा आठवड्यांनी वीस लिटर पाण्यास दोन-तीन लहान मासेच सोडावेत. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.
५. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. वाळू धुणे झाल्यास पेटीतूनच काढलेल्या पाण्यात धुवावी. साबण कदापि वापरू नये.
६. दिनांक, तापमान, सामू व माशांची हालचाल ह्यांची नोंद मुलांनी आळीपाळीने तक्त्यावर करावी. मासे पृष्ठभागी येऊन तोंड उघडू लागल्यास तो धोक्याचा इशारा समजून त्वरित थोडे पाणी बदलावे.

सूचना. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे हिवतापाच्या प्रतिबंधासाठी पाळले जातात, हे मुलांस अवश्य सांगावे. तथापि हे मासे परदेशी असल्याने ते तलावात, नाल्यात वा नदीत सोडू देऊ नयेत. तेथील मूळच्या माशांस त्यांच्यापासून अपाय होऊ शकतो.

प्रश्न. (१) पाणी स्वच्छ दिसूनही मासे का मरतात? (२) सर्व पाणी एकदम का बदलू नये? (३) मामा तलावातील पाणी कोणी न बदलता मासे तेथे कसे जगतात?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी तलावाच्या पाळीवर उभे राहून द्यावे. ते बरोबर आले म्हणजे पाठ साध्य झाला असे समजावे.