द्रोणागिरीचा दगड आणि समुद्राखालचें तेल

उरणाकडील एका शेतकरी बंधूनें गेल्या पावसाळ्यांत आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, द्रोणागिरीच्या पोटांत तेल आहे, म्हणूनच तेलाचा कारखाना येथें बांधिला ना?" कोणा एका गृहस्थानें त्यास शेतांत खोल बोअर घेण्याची सल्ला दिली होती, आणि मुलीच्या लग्नासाठीं ठेविलेले पैसे त्यांत घालण्याच्या तो बेतांत होता. अशी समजूत इतरांचीही असेल, म्हणून हा पाठ लिहीत आहों.

द्रोणागिरी काळ्या दगडाचा आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या भेगांतून वितळलेला रस वारंवार बाहेर येऊन थिजला, त्यापासून सह्याद्रि झाला आणि हा डोंगरही झाला. ह्या रसांत तेल उत्पन्न होत नाहीं. तेलाचा संबंध दुसऱ्या जातीच्या दगडाशीं आहे. तो बहुधा पाण्यांत जन्मतो, व त्यास गाळाचा किंवा स्तरित खडक म्हणतात.

त्याची घडण पाहण्यास दूर जावयास नको. खाजणाच्या बांधास खांड पडली म्हणजे कापलेल्या कडेवर चिखलाचे पदर एकावर एक बसलेले दिसतात. असे पदर हजारों हात साचून वरच्या भारानें दाबले गेले व त्यांचे कण सांधले गेले, म्हणजे वाळूचा वालुकाश्म होतो, बारीक चिखलाचा पापुद्र्यांचा खडक होतो, आणि शंखशिंपल्यांचा चुनखडक होतो.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारें 160 किलोमीटरांवर समुद्रतळाखालीं असाच चुनखडक आहे. 1974 सालीं 'सागर सम्राट' ह्या तरत्या यंत्रावरून तेथें विहीर खणिली असतां तेल लागलें, व 1976 सालीं तें काढण्यास आरंभ झाला. तेव्हां त्या ठिकाणास बॉम्बे हाय म्हणत, आतां मुंबई हाय म्हणतात. खालीं तेलाचें तळें भरलेलें आहे असें कोणी समजूं नये. खडकास बारीक छिद्रें आहेत, आणि ओल्या विटेंत पाणी राहतें तसें तेल त्यांत राहतें. समुद्रांतील सूक्ष्म जीव गाळांत पुरले गेले, खोलवरच्या उष्णतेनें त्यांचें तेल व वायु झाले, आणि वर चढतां चढतां ह्या चुनखडकांत अडकले; कारण त्यावर चिखलाच्या घट्ट खडकाचें झांकण आहे. मौज अशी कीं, ह्या सर्व थरांच्या खालीं कित्येक ठिकाणीं आपलाच काळा दगड लागतो!

तेथील तेल व वायु समुद्राखालील नळांनीं उरणास येतात, म्हणून कारखाना येथें आहे. तें काम धोक्याचें आहे. 3 सप्टेंबर 2019 रोजीं तेथें आग लागून चौघे जण मृत्यु पावले.

आपल्या काळ्या दगडाच्या थरांमध्येंही क्वचित् गाळाचा पातळ पदर सांपडतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळांत तळीं होतीं, त्यांचा तो गाळ. मुंबईंत वरळी येथें अशा पदरांत लहान बेडकांचे सांगाडे मिळाले, आणि 1847 सालीं ओवेन नामक इंग्रज पंडितानें त्यांचें वर्णन केलें. विदर्भांत तर गाळाचे खडक विपुल आहेत. चंद्रपुराकडील दगडी कोळसा त्यांतलाच, व तिकडील चुनखडक सिमेंटास लागतो. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनीं शाळा चालवितांना त्या खडकांतील जीवावशेष जमविले. 1863 सालीं टाकळघाटचीं जुनीं दगडी वर्तुळें पाहून परततांना ते नदींत बुडाले.

चुनखडक ओळखण्याची युक्ति घरचीच आहे. शिंपला कुटून त्यावर लिंबू पिळावें. बारीक फेंस येतो. काळ्या दगडाच्या भुकटीवर बहुधा येत नाहीं. त्याच्या पोकळींतील पांढऱ्या स्फटिकांवर मात्र कधीं येतो, तेव्हां फसूं नये.

त्या बंधूस आम्हीं हें सर्व सांगितलें, आणि सरकारी परवान्यावांचून तेलाचा शोध कोणासही करतां येत नाहीं, हेंही सांगितलें. त्यानें बांधावरचा दगड फोडून लिंबू पिळून पाहिलें. "मग ह्याचा चुनाही व्हावयाचा नाहीं?" असें तो म्हणाला. आम्हीं म्हटलें, चुना शिंपल्यांचाच भाजावा. बोअरचा बेत त्यानें सोडिला, व पैसे पुन्हां पोस्टांत ठेविले.