बाजरीचे पीठ टिकविण्याची युक्ती

बीड जिल्ह्यात गिरणीवर अथवा बचतगटाच्या बैठकीत भगिनी जमल्या की स्वयंपाकातील युक्त्यांची देवघेव होते. तीत बाजरीच्या पिठाचा प्रश्न हमखास निघतो. हे पीठ ८-१० दिवसांतच कडवट होऊ लागते, आणि ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांस फडावर वरचेवर ताजे दळण मिळत नाही.

बाजरीत स्निग्धांश अधिक असतो. दळताच धान्यातील विकरांमुळे त्याचे विघटन सुरू होते व पिठास कडवटपणा येतो. यास्तव निवडलेली बाजरी फडक्यात सैल बांधून उकळत्या पाण्यात ३० सेकंद बुडवावी, लगेच निथळून उन्हात खडखडीत वाळवावी व मगच दळावी. असे पीठ कोरड्या, झाकणाच्या डब्यात सुमारे ३ आठवडे टिकते.

बाजरीत लोह असते. महाराष्ट्रात २०१२ साली प्रसारित झालेल्या ‘धनशक्ती’ वाणात ते अधिक आहे. ते अंगी लागावे म्हणून भाकरीबरोबर लिंबाची फोड घ्यावी. जेवणाबरोबर चहा टाळावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बैठकीत १ किलो बाजरीचे प्रात्यक्षिक करावे. १५ दिवसांनी साध्या व प्रक्रिया केलेल्या पिठाचा वास भगिनींनी स्वतः पडताळून पाहावा, म्हणजे ही युक्ती घरोघरी आपोआप पोहोचेल.