सीता नदी : मुदखेड परिसरातील पाण्याचा भूगोल

नांदेड जिल्ह्याचा नकाशा उघडला की दृष्टी प्रथम गोदावरीवर स्थिरावते. त्र्यंबकेश्वरी उगम पावून १४६५ किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या त्या महानदीपुढे आमची सीता म्हणजे एक बारीक रेघ. आसना, मन्याड, लेंडी यांच्या पंक्तीत तिचे नाव येते. पुष्कळदा तेही गाळले जाते. तथापि मुदखेडचा भूगोल समजून घ्यायचा तर आरंभ सीतेपासूनच करावा लागतो.

सीता ही गोदावरीला मिळणारी, केवळ पावसावर जगणारी नदी. पावसाळ्यात तिला पूर येतो. उन्हाळ्यात पात्र उघडे पडते. परंतु आटलेली नदी निरुपयोगी नसते. येथील भूमी काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. हा खडक मुळात पाणी धरीत नाही. त्याच्या भेगांत व वरच्या मुरमात जेवढे मुरेल तेवढेच विहिरीला लाभते. पात्रात पाणी जितके दिवस रेंगाळेल, तितकी काठची विहीर उन्हाळ्यात तग धरते. मुदखेडची फुलशेती सर्वांना ठाऊक आहे. तिच्या पाठीशी हे न दिसणारे पाणी असते. ईसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी तालुक्याच्या काही भागास मिळते, पण कालव्याची पाळी लांबली की शेतकरी विहिरीकडेच वळतो.

शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मुदखेड तर रेल्वेचे जंक्शनच आहे. परंतु असली गाडी आमच्या फलाटावर कधी लागू नये.

नदीच्या भूगोलाची आणखी एक बाजू आहे; ती क्रमिक पुस्तकांत क्वचितच येते. जुन्या गावरचनेत पाणवठेही जातीनुसार वाटलेले असत. प्रवाहाच्या वरच्या अंगाचे पाणी सवर्णांचे, खालच्या अंगाचे अस्पृश्यांचे. पात्र आटल्यावर वाळूत खणलेल्या झऱ्यांनाही हाच नियम लागू होई. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याचा अर्थ अशा पाणवठ्यांवर उभे राहिल्यावर अधिक स्पष्ट होतो.

सुटीत घरी जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही एक अभ्यास सुचवितो. आपल्या गावचा ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, विहीर केव्हा तळ गाठते आणि आजी कोणत्या पाणवठ्यावर पाणी भरीत असे, हे तिला विचारून वहीत लिहून आणावे.